मरू न देणारं संप्रेरक

किडनी निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातो. चार तास मशिनला जोडून पडून राहिल्यावर, घरी सोडण्याआधी, त्याला बऱ्याचदा एक छोटं इंजेक्शन मिळतं. घरचे लोक त्याला ‘रक्त वाढवायचं इंजेक्शन’ म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. सातावर घसरलेलं हिमोग्लोबिन काही आठवड्यांत दहाच्या आसपास येतं, जिना चढताना लागणारी धाप कमी होते, दर थोड्या दिवसांनी रक्ताची बाटली शोधायची धावपळ थांबते. त्या इंजेक्शनात एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक असतं. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘ईपीओ’ म्हणतात. किडनी धडधाकट असेल तर ती हे संप्रेरक स्वतःच तयार करते.

बहुतेकांची ईपीओशी ओळख इथेच थांबते. फार तर सायकल शर्यतीतल्या उत्तेजकांच्या बातम्यांमधून त्याचं नाव कानावर पडलेलं असतं. पण गेल्या तीसेक वर्षांत या रेणूचं दुसरं एक काम समोर आलं आहे. रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूत, झटका आलेल्या हृदयात, इजा झालेल्या मज्जातंतूंत तो पेशींना तगवून धरतो. ही दोन कामं दिसायला फार वेगळी आहेत. आत डोकावलं तर त्यांचं मूळ एकच निघतं, आणि ते अस्थिमज्जेतच सापडतं.

गोष्टीची सुरुवात १९०६ सालच्या पॅरिसमध्ये होते. पॉल कार्नो आणि क्लोतिल्द देफ्लांद्र या दोघांनी सशांचं रक्त काढून त्यांना पांडुरोगी केलं, मग त्यांच्या रक्ताचा द्रवभाग धडधाकट सशांना टोचला. त्या सशांच्या लाल पेशी वाढल्याचं त्यांनी नोंदवलं आणि रक्तातून फिरणारा कोणीतरी निरोप्या लाल पेशी वाढवायला सांगतो, असा निष्कर्ष काढला. पुढची कित्येक वर्षं हा प्रयोग इतरांना नीट जमेना, त्यामुळे कल्पना मागे पडली. १९५० साली कुर्ट राइसमन यांनी दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले आणि त्यातल्या एकालाच विरळ हवेत श्वास घ्यायला लावलं. लाल पेशी दोघांच्याही वाढल्या. निरोप रक्तातूनच जातो यावर यामुळे पुन्हा विश्वास बसू लागला. तो किडनीतून निघतो हे १९५७ साली शिकागोत कळलं.

पण हा रेणू हातात येईना. रक्तात त्याचं प्रमाण इतकं कमी की मेंढ्यांचं रक्त गाळूनही पुरेसा माल मिळेना. शिकागोचे यूजीन गोल्डवासर यावर वीस वर्षं झगडत होते. शेवटी मदत आली ती जपानमधून. कुमामोतो इथले ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांचं मूत्र गोळा केलं. या आजारात अस्थिमज्जा रक्त बनवत नाही, म्हणून किडनी ईपीओचा मारा करत राहते आणि त्यातलं काही लघवीतून बाहेर पडतं. तब्बल २,५५० लिटर मूत्र आटवून केलेली भुकटी घेऊन मियाके १९७५ मध्ये शिकागोला आले. त्यातून शुद्ध ईपीओ निघालं ते जेमतेम काही मिलिग्रॅम. तेवढ्यावरून त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम शोधता आला, त्या क्रमावरून जनुक शोधता आलं आणि १९८९ साली अमेरिकेत ते औषध म्हणून बाजारात आलं. आज डायलिसिसच्या खाटेवर टोचल्या जाणाऱ्या प्रत्येक इंजेक्शनामागे त्या अनाम जपानी रुग्णांचं देणं आहे. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण औषधाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं राहतात आणि रुग्णांची जातात.

आता अस्थिमज्जेत जाऊ. आपल्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांच्या वर लाल पेशी जन्माला येतात. त्यांच्या पूर्वज पेशी मज्जेत असतात. ईपीओ या पूर्वजांना ‘वाढा, विभागा’ असा हुकूम सोडत असेल अशीच सगळ्यांची समजूत होती. १९९० साली मार्क कूरी आणि मॉरिस बॉन्ड्युरंट यांनी या पूर्वज पेशी काचपात्रात ईपीओशिवाय ठेवून पाहिल्या. त्या नुसत्या थांबून राहिल्या नाहीत, मेल्या. त्यांच्या डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे पडले. पेशी आपल्याच आतल्या यंत्रणेने स्वतःला मोडते तेव्हा नेमके असे तुकडे पडतात. ईपीओ घातलं की हे मोडणं थांबत होतं.

याचा अर्थ असा की मज्जेत लाल पेशींचे पूर्वज नेहमीच गरजेपेक्षा जास्त तयार होत असतात आणि त्यातले बरेच मरून जातात. ऑक्सिजन कमी पडला की किडनी ईपीओ वाढवते आणि एरवी मेल्या असत्या अशा पेशी जगतात. जगलेल्या पेशी पुढे लाल होऊन रक्तात उतरतात. रक्त वाढतं ते मुख्यतः मरण टळल्यामुळे. जखमी मेंदूत ईपीओ काय करतं हे समजायला एवढा धागा हातात असला की पुरे.

पण निरोप द्यायला ईपीओ पेशीच्या आत शिरत नाही, मग मरण टळतं कसं? इथे रिसेप्टर येतो. ईपीओचा रिसेप्टर हे पेशीच्या पटलात आरपार बसलेलं प्रथिन आहे. त्याचं एक टोक बाहेर, दुसरं आत. मज्जेतल्या पेशीवर असे दोन रिसेप्टर जोडीने उभे असतात. ईपीओचा एक रेणू दोघांना एकाच वेळी धरतो आणि त्यांची आतली टोकं एकमेकांजवळ विशिष्ट कोनात येतात. त्या टोकांना चिकटून जॅक-२ नावाचं विकर असतं. जवळ आलेले दोन जॅक-२ एकमेकांना फॉस्फेट जोडून जागे करतात, मग रिसेप्टरच्या शेपटीलाही फॉस्फेट जोडतात. शेपटीवर स्टॅट-५ नावाचं प्रथिन येऊन बसतं, तेही जागं होतं आणि थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. त्या जनुकांपैकी एक बीसीएल-एक्सएल या प्रथिनाचं. हे प्रथिन मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पटलाला भोक पडू देत नाही. भोक पडलं असतं तर सायटोक्रोम-सी बाहेर गळलं असतं आणि पेशीला कापून काढणारी विकरं सुटली असती. दुसऱ्या वाटेने एकेटी नावाचं विकर जागं होतं आणि मरणाकडे ढकलणाऱ्या प्रथिनांना निकामी करून ठेवतं.

रिसेप्टरच्या शेपटीत निरोप थांबवायची सोयही असते. ती नसेल तर काय होतं, हे फिनलंडच्या ईरो मँटिरांटा यांच्या घराण्यात दिसलं. मँटिरांटा हे बर्फावरच्या स्कीइंगचे मोठे खेळाडू. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन सुवर्णपदकं जिंकली. त्यांचं हिमोग्लोबिन वीसच्या वर असायचं आणि त्यावरून उत्तेजकांचा संशय आयुष्यभर त्यांच्या मागे राहिला. १९९३ साली संशोधकांनी त्यांच्या कुटुंबाची तपासणी केली तेव्हा खरं कारण सापडलं. जनुकातल्या एका बदलामुळे त्यांच्या रिसेप्टरची शेपटी शेवटच्या ७० अमिनो आम्लांनी आखूड होती, आणि थांबा म्हणणारा भाग नेमका तिथेच असतो. त्यामुळे अगदी थोड्या ईपीओलाही त्यांच्या पेशी जोरदार प्रतिसाद देत. कुटुंबातल्या अनेकांना हाच वारसा मिळाला होता. रेणूइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, रिसेप्टर कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

नव्वदच्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. ईपीओचा रिसेप्टर चेतापेशींवरही सापडला. इतकंच नव्हे, मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी ऑक्सिजन कमी पडला की स्वतः ईपीओ बनवतात, असंही दिसलं. मेंदूत तर लाल पेशी तयार होत नाहीत. मग तिथे त्याचं काय काम?

याचं उत्तर देणारा सगळ्यात बोलका प्रयोग १९९८ साली जपानच्या मासाहिरो साकानाका यांच्या गटाने केला. त्यांनी जर्बिल घेतले. हा उंदरासारखा वाळवंटी प्राणी, आणि त्याच्या मेंदूच्या तळाशी पुढच्या-मागच्या रक्तवाहिन्यांना जोडणारं वर्तुळ अपुरं असतं. त्यामुळे मानेतल्या दोन रोहिण्या थोडा वेळ आवळल्या की मेंदूच्या पुढच्या भागाचं रक्त तुटतं. रोहिण्या आवळून मग मेंदूत ईपीओ सोडलं तर स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस भागातल्या चेतापेशी वाचत होत्या. पण मला मोलाचा वाटतो तो प्रयोगाचा दुसरा भाग. त्यांनी काही प्राण्यांत रक्त इतकं थोडाच वेळ तोडलं की चेतापेशी एरवी मरायला नकोत. मग मेंदूत रिसेप्टरचा फक्त बाहेरचा, विरघळणारा तुकडा सोडला. या तुकड्याने मेंदूने स्वतः तयार केलेलं ईपीओ धरून ठेवलं आणि ते पेशींपर्यंत पोचू दिलं नाही. चेतापेशी मेल्या आणि प्राण्यांची शिकण्याची क्षमता घसरली. बाहेरून औषध देऊन काही वाचतं, एवढंच यातून कळलं नाही. मेंदू संकटात स्वतःचं ईपीओ वापरून तग धरतो, हे कळलं.

दोन वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मायकेल ब्राइन्स आणि अँथनी सेरामी यांच्या गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. इतका मोठा, शर्करेच्या साखळ्यांनी जड झालेला रेणू रक्तातून मेंदूत जाऊ शकणार नाही असं मानलं जात होतं. त्यांनी उंदरांच्या पोटात इंजेक्शन दिलं आणि मेंदूतली इजा कमी झाली, अगदी काही तास उशिरा दिलं तरीही. फक्त मात्रा लागली ती प्रतिकिलो ५,००० युनिट. डायलिसिसच्या रुग्णाला प्रतिकिलो ५० ते १०० युनिटच्या आसपास पुरतात.

मात्रेतली ही तफावत अर्थपूर्ण होती. मज्जेतली रिसेप्टरची जोडी ईपीओला अतिशय घट्ट धरते. रक्तातल्या पिकोमोलर, म्हणजे अत्यल्प प्रमाणातही ती प्रतिसाद देते. इजा झालेल्या ऊतींना मात्र शेकडो पटींनी जास्त ईपीओ लागत होतं. एकाला कुजबुजलेलंही ऐकू जातं, दुसऱ्याला मोठ्याने हाक मारावी लागते. मग ऐकणाराच वेगळा असेल का?

ब्राइन्स आणि सेरामींचं म्हणणं तसंच होतं. इजा झालेल्या ऊतींत ईपीओचा रिसेप्टर आपल्यासारख्याच दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवत नाही, बीटा कॉमन नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरशी जमवतो, असं त्यांनी मांडलं. हा बीटा कॉमन एरवी पांढऱ्या पेशींशी संबंधित तीन संदेशरेणूंच्या कामात भागीदार असतो. धडधाकट ऊतीत ही मिश्र जोडी पृष्ठभागावर फारशी नसते. इजा झाली, ऑक्सिजन तुटला की ती वर येते. यावरून मोठ्या मात्रेची गरजही नीट समजते. शरीरभर फिरणाऱ्या विरळ ईपीओला ही जोडी दाद देत नाही. जखमेच्या कडेला शेजारच्याच पेशींनी सोडलेलं दाट ईपीओ मात्र तिला पुरतं.

जखमेची कडा हा शब्दप्रयोग मी जपून करतो आहे. मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली की मधला भाग काही मिनिटांत जातो, त्याला काहीच वाचवू शकत नाही. त्याच्याभोवती एक पट्टा असतो. तिथल्या पेशी जिवंत असतात पण काठावर असतात. तिकडे दाह पसरत येतो, दाहातले टीएनएफसारखे संदेशरेणू आणखी पेशी मारतात. जंतू शिरला असता तर ही विध्वंसक सावधगिरी उपयोगाची ठरली असती. जंतू नसताना ती नुसतं नुकसान वाढवते. टीएनएफ स्वतः ईपीओची निर्मितीही दाबतो, म्हणून आतून मदत यायला उशीर होतो. हा उशीर बाहेरून भरून काढायचा, ही संशोधकांची आशा होती.

२००२ साली जर्मनीत हॅनेलोरे एरेनराइश यांनी पक्षाघाताच्या ४० रुग्णांवर केलेल्या छोट्या चाचणीत ही आशा खरी ठरतेय असं वाटलं. मग मोठी चाचणी झाली, ५२२ रुग्णांची. रोज ४०,००० युनिट, तीन दिवस. २००९ मध्ये निकाल आला. रुग्णांची प्रकृती सुधारली नाही, उलट ईपीओ मिळालेल्यांत १६.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ९ टक्के. गुठळी विरघळवणारं औषधही ज्यांना दिलं होतं त्यांच्यात धोका विशेष दिसला. हृदयविकाराच्या झटक्यात इजा कमी होते का हे तपासणाऱ्या चाचण्याही निराश करून गेल्या. २००९ सालीच मधुमेह आणि किडनीविकार असलेल्या ४,०३८ रुग्णांच्या चाचणीत ईपीओच्याच जातीचं दीर्घकाळ टिकणारं औषध देऊन हिमोग्लोबिन तेराच्या आसपास नेण्याचा प्रयत्न झाला. त्यात पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. हिमोग्लोबिन ‘नॉर्मल’ करण्याच्या मागे न लागता किडनीतज्ज्ञ दहा-अकरावर थांबतात, ते यामुळे. ‘डॉक्टर, अजून थोडं वाढवा ना’ असं कळकळीने म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे कोणीतरी नीट बसून समजावून सांगायला हवं.

हे असं का झालं? ऊतींना ऐकू जाईल एवढ्या मात्रेने अस्थिमज्जाही खडबडून जागी होते. लाल पेशी वाढून रक्त दाटतं, बिंबिका चिकट होतात, रक्तदाब चढतो, गुठळ्यांची शक्यता वाढते. ज्याच्या मेंदूत आधीच गुठळीने घात केलाय त्याला हे परवडणारं नाही. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, एरवी निरोगी असतो आणि औषध त्याला नेमक्या वेळी मिळतं. पक्षाघाताचा रुग्ण सत्तरीचा असतो, मधुमेही असतो आणि रुग्णालयात पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो.

कर्करोगात वेगळाच प्रश्न उभा राहिला. २००३ मध्ये डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या ३५१ रुग्णांच्या चाचणीत ईपीओ मिळालेल्यांचा आजार जास्त लवकर बळावला. पेशीला मरू न देणारा निरोप गाठीनेही ऐकला असावा, अशी भीती लगेच पसरली. ती अनाठायी म्हणता येत नाही. पण गाठीच्या पेशींवर ईपीओचा कामाचा रिसेप्टर असतो का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि त्या मतभेदांचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो रिसेप्टर शोधायला ज्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या, त्यातली एक लोकप्रिय अँटिबॉडी दुसऱ्याच प्रथिनांना चिकटत होती, हे २००६ मध्ये उघड झालं. त्यामुळे ‘इथे रिसेप्टर सापडला’ असं सांगणारे अनेक जुने दावे पुन्हा तपासावे लागले. मेंदूतल्या आणि हृदयातल्या दाव्यांनाही हा आक्षेप लागू होतो आणि मिश्र जोडीबद्दलही सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. उंदरांत रिसेप्टर फक्त रक्तपेशींत ठेवून बाकी सगळीकडून काढून टाकला तरी ते जगतात आणि त्यांना पिल्लंही होतात. म्हणजे रोजच्या जगण्यासाठी इतर ऊतींना त्याची गरज नाही. त्याची गरज लागत असेल तर ती संकटात.

दोन ऐकणारे वेगळे असतील, तर एकालाच ऐकू जाईल असा रेणू बनवता येईल का? याचं उत्तर रसायनाने दिलं. ईपीओ म्हणजे चार सर्पिल दांड्यांची जुडी. त्यातले ए, सी आणि डी हे भाग मज्जेतल्या रिसेप्टरला भिडतात. त्या जागी लायसिन नावाची काही अमिनो आम्लं महत्त्वाची आहेत. लायसिनवर सायनेटची प्रक्रिया केली की त्याचं रूप बदलतं. असं बदललेलं ईपीओ मज्जेला ओळखूच येत नाही, रक्त अजिबात वाढत नाही, पण चेतापेशींचं रक्षण ते पहिल्यासारखंच करतं, असं २००४ मध्ये दाखवलं गेलं. हीच प्रक्रिया किडनीविकाराच्या रुग्णांच्या शरीरात आपसूक चालू असते, कारण साठलेल्या युरियातून थोडं सायनेट तयार होतं आणि ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटत राहतं.

त्यानंतर जुडीतल्या बी या दांड्याच्या बाहेरच्या बाजूची नक्कल करून अवघ्या ११ अमिनो आम्लांचा एक तुकडा बनवला गेला. त्याचं नाव सिबिनेटाइड. रक्तात तो काही मिनिटंच टिकतो, पण तेवढ्यात दिलेला निरोप पेशीत कितीतरी जास्त वेळ काम करत राहतो. सार्कॉइडोसिस या आजारात पातळ चेतातंतू झडतात आणि हातापायांची आग होते. अशा रुग्णांवरच्या छोट्या चाचण्यांत या तुकड्याने डोळ्याच्या पारदर्शक पटलातले चेतातंतू वाढल्याचं दिसलं. छोट्या चाचण्यांवर किती भिस्त ठेवायची, हे पक्षाघाताने शिकवलं आहे. तरीही मला हा रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो, कारण एका कामाची किंमत दुसऱ्या कामाने वसूल करण्याचा धोका तो आधीच दूर करतो.

आपल्याकडे ईपीओने मेंदू वाचतो का, हा प्रश्न सगळ्यात तातडीचा आहे तो प्रसूतिगृहात. जन्मताना गुदमरलेलं बाळ, उशिरा रडलेलं किंवा रडलंच नाही असं. त्याच्या मेंदूला इजा होऊ नये म्हणून श्रीमंत देशांत त्याला ७२ तास थंड ठेवतात, शरीराचं तापमान ३३-३४ अंशांवर. हाच उपाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला गेला. त्यात मुंबईच्या सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालयही होतं. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के होते, न ठेवलेल्यांत ३१ टक्के. पाश्चात्त्य देशांत प्रमाण मानलेला उपचार इथे उलटा पडला.

मग ईपीओ? अमेरिकेत ५०० बाळांना थंडाव्याबरोबर ईपीओ देऊन पाहिलं आणि २०२२ मध्ये त्याचा काहीच फायदा दिसला नाही. पण तिथे प्रत्येक बाळ थंड केलेलं होतं, आणि थंडावाही पेशीमृत्यूच्याच वाटा अडवतो. थंडावा नसताना ईपीओ एकटं काय करतं, हा प्रश्न त्या चाचणीने सोडवलेला नाही. श्रीनगरमध्ये १०० बाळांवर झालेल्या चाचणीत त्याने आशा दाखवली होती. त्यानंतर दक्षिण आशियातल्या रुग्णालयांनी मोठी चाचणी हाती घेतली, थंडाव्याविना, फक्त ईपीओची. औषध स्वस्त आहे, टोचायला सोपं आहे, महागडं यंत्र लागत नाही. पण ते लागू पडतं की नाही हे बाळ घरी जाताना कळत नाही. ते दीड-दोन वर्षांचं होतं, चालायला-बोलायला लागतं, हातापायांत ताठरपणा आहे का, ऐकू येतं का, दिसतं का हे तपासलं जातं, तेव्हा कुठे एका बाळाची नोंद पूर्ण होते.